लाळेला न जुमानणारी गोळी

चिमूटभर साखर जिभेवर ठेवा. ती पूर्ण विरघळली की घड्याळाकडे पाहा आणि गोडी कधी नाहीशी होते ते नोंदवा. मध्ये बोलायचे नाही, पाणी प्यायचे नाही. हा प्रयोग सारा वर्ग एकदम करू शकतो. बहुतेकांची गोडी काही मिनिटांतच ओसरते. जिभेला चवीची सवय होते हा त्यातला एक भाग झाला. पण मुख्य कारण लाळ हे आहे. ती सारखी येत असते आणि आपण ती नकळत गिळत असतो.

हे धुतले जाणे किती वेगाने होते याचा अंदाज करता येतो. आपण स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर लाळ सुटते. गिळून झाल्यावर तोंडात सगळी मिळून एक मिलिलिटरच्या आसपास लाळ शिल्लक असते. म्हणजे एक मिलिलिटरच्या टाकीत दर मिनिटाला ०.३ मिलिलिटर नवे पाणी येते आणि तितकेच बाहेर जाते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य ठाऊक असते. तेच गणित इथे लावले, तर तोंडातल्या विरघळलेल्या पदार्थाचे अर्धायुष्य जेमतेम सव्वादोन मिनिटे निघते. दहा मिनिटांनी पाच टक्के उरतात. अर्धा तास झाला की जवळजवळ काहीच नाही. हे गणित ढोबळ आहे. काही पदार्थ दातांना आणि गालाच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात, गिळण्याची क्रियाही एकसारखी चालत नाही. तरी पण चित्र साधारण असेच आहे.

साखरेच्या बाबतीत यात काही बिघडत नाही, उलट दातांचे भलेच होते. तोंडातल्या रोगजंतूंवर औषध लावायचे असेल तर मात्र हीच लाळ आड येते.

तोंडात पांढरे चट्टे पडण्याचा एक विकार आहे. कॅन्डिडा नावाची बुरशी त्याला कारण असते. ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडातही असते, पण तिला डोके वर काढू दिले जात नाही. तान्ही मुले, कवळी वापरणारे वृद्ध, दम्यासाठी स्टेरॉइडचा फवारा ओढणारे, मधुमेही, एच.आय.व्ही.बाधित आणि डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणारे रुग्ण यांच्या तोंडात ती फोफावते. शेवटचा गट आपल्याकडे लहान नाही. तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांच्यामुळे तोंडाचा कर्करोग भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. किरणांनी आधीच सोललेल्या तोंडात बुरशी वाढली की घास गिळणे नकोसे होते, खाणे तुटते आणि ज्या उपचारासाठी अंगात ताकद हवी तोच उपचार झेपेनासा होतो.

या बुरशीला मारणारी औषधे आहेत. मायकोनॅझोल हे त्यातले एक. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कॅन्डिडाची वाढ रोखायला त्याचे एका मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी प्रमाण बहुधा पुरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मग अडचण काय? अडचण अशी की बशीत औषध जागेवर राहते आणि तोंडात राहत नाही. म्हणून मायकोनॅझोलची जेली दिवसातून चार वेळा लावावी लागते, क्लोट्रिमॅझोलची चघळायची गोळी पाच वेळा. प्रत्येक वेळी लाळेतले औषधाचे प्रमाण एकदम वर जाते आणि भराभर खाली येते. दोन मात्रांच्या मधल्या काळात बुरशीला मोकळे रान मिळते. दिवसात पाच वेळा औषध घेणे किती जणांना जमते, हे ज्यांच्या घरी दीर्घकाळचा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको.

पोटातून औषध का देऊ नये, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि तो योग्यच आहे. फ्लुकोनॅझोलसारखी औषधे गिळली की रक्तावाटे सगळीकडे पोहोचतात, आणि रोग पसरलेला असेल तर तीच द्यावी लागतात. पण चट्टे फक्त तोंडात असताना सर्व शरीराला औषध पाजणे म्हणजे अंगणातल्या चार रोपांसाठी सारे शेत भिजवण्यासारखे आहे. रुग्ण दुसरी औषधे घेत असेल तर त्यांच्याशी संघर्ष होण्याचा धोका असतो. शिवाय औषधाला सरावलेले जंतू निपजण्याची भीती राहते.

तेव्हा औषध तेच ठेवावे आणि त्याला तोंडात टिकवून धरावे, हा विचार पुढे आला. तो जुना आहे. १९४७ साली पेनिसिलिन नवे होते. तेव्हा ते तोंडाच्या आतल्या त्वचेला लावण्यासाठी कवळी बसवायच्या चिकट पुडीत आणि ट्रॅगाकांथ नावाच्या झाडाच्या डिंकात मिसळण्याचा प्रयत्न झाला होता. पुढे १९८०च्या सुमारास जपानमध्ये त्सुनेजी नागाई यांनी तोंड आल्यावर व्रणावर चिकटवायची दोन थरांची पातळ चकती तयार केली. तिच्यात जंतुनाशक नव्हते, स्टेरॉइड होते. पण ओल्या त्वचेला गोळी चिकटवता येते, आणि ती औषध सावकाश सोडू शकते, हे तिने दाखवून दिले.

आता चिकटण्याकडे वळू.

सातूचे कोरडे पीठ किंवा राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा तोंडात टाकला की तो टाळूला घट्ट बसतो; जिभेने ढकलून ढकलून काढावा लागतो. वास्तविक टाळू ओली असते, आणि ओल्या जागी काही चिकटत नाही हा आपला नेहमीचा अनुभव. पंक्चर काढणारा आधी ट्यूब कोरडी करून घेतो ती उगाच नव्हे. मग लाडू कसा चिकटतो? तो कोरडा असतो म्हणून. तो टाळूवरचे पाणी शोषून घेतो. लाळेचा पातळ थर एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा असतो. त्यातले पाणी गेले की उरलेला चिकट भाग दाट होतो आणि पिठाचे कण त्यात रुततात.

हा चिकट भाग म्हणजे म्युसिन नावाची प्रथिने. लाळेत ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असते, पण तिची तार येते ती या म्युसिनमुळे. म्युसिनचा रेणू बाटल्या धुण्याच्या ब्रशासारखा कल्पावा. मधली तार प्रथिनाची आणि तिच्यावर चहूबाजूंनी उभे राहिलेले केस शर्करांचे. या शर्करांच्या टोकांना आम्लधर्मी गट असतात, त्यामुळे साऱ्या ब्रशावर ऋण विद्युत्‌भार असतो. तोंड, अन्ननलिका, आतडी, डोळे, योनिमार्ग अशा शरीराच्या ज्या ज्या ओल्या पृष्ठभागांना आपण श्लेष्मल त्वचा म्हणतो, त्या सगळ्यांवर कमीअधिक प्रमाणात असेच आवरण असते.

औषधाची गोळी त्याला चिकटवायची तर गोळीतही तसाच लांब साखळ्यांचा पदार्थ हवा, म्हणजे बहुवारिक किंवा पॉलिमर. पाण्याचा स्पर्श झाला की बहुवारिकाच्या गुंडाळलेल्या साखळ्या सुटतात, लांबतात आणि म्युसिनच्या केसांमध्ये शिरतात. दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तसे हे होते. साखळ्या जवळ आल्या की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध दुबळा असतो, पण ते असंख्य असतात. साखळी फार आखूड असेल तर ती गुंतत नाही. साखळ्या एकमेकींना जागोजागी टाचून ठेवल्या असतील तर त्या मोकळ्या होऊन आत शिरू शकत नाहीत.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण या विद्येतली खरी गोम पाण्यात आहे. पाणी मिळाल्याशिवाय बहुवारिक चिकटत नाही आणि पाणी जास्त झाले की ते सुटते. कणीक मळताना हेच होते. कोरडे पीठ हातावरून झटकता येते. थोडे पाणी पडले की ते बोटांना असे चिकटते की सोडवत नाही. आणखी पाणी ओतत गेलो तर पातळ होऊन हातावरून ओघळते. गोळी तोंडात गेल्यापासून पाणी पीतच असते. म्हणजे ती चिकटते त्याच क्षणापासून तिचा सुटण्याकडे प्रवास सुरू होतो! तो प्रवास एका दिवसाएवढा लांबवायचा, हे औषधनिर्माण करणाऱ्याचे काम.

हा चढउतार वर्गात मोजताही येतो. इसबगोल कुटून त्याची पूड करावी. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या घ्याव्यात. पाव चमचा पुडीत पाण्याचे ५ थेंब, दुसऱ्या तेवढ्याच पुडीत १०, मग २०, ४०, ८० असे थेंब घालून पाच मिनिटे थांबावे. प्रत्येक नमुना दोन काचपट्ट्यांमध्ये सारख्याच क्षेत्रफळावर पसरून त्यावर अर्धा किलोचे वजन अर्धा मिनिट ठेवावे. मग वरची पट्टी पक्की धरून खालच्या पट्टीला दोऱ्याने कागदी पेला टांगावा आणि त्यात हळूहळू वाळू घालावी. पट्ट्या सुटल्या की वाळूचे वजन करावे. एक नमुना कोरडाही ठेवावा. थेंबांची संख्या आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेतले तर आलेख वर चढून पुन्हा खाली येतो. त्याचे शिखर कुठे येईल हे पूड किती बारीक आहे आणि किती वेळ भिजली यांवर अवलंबून असते. गटागटांची शिखरे वेगवेगळी आली म्हणून शिक्षकांनी नाराज होऊ नये. त्यावर होणारी चर्चाच जास्त उपयोगाची. काच म्हणजे गाल नव्हे, हेही त्या चर्चेत यावे.

बहुवारिके अनेक आहेत. सेल्युलोजपासून बनवलेली सी.एम.सी. आणि हायप्रोमेलोज, समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट, कारखान्यात तयार होणारे कार्बोपोल. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या टरफलांतील कायटिनपासून कायटोसान तयार करतात. टरफले आपल्या किनाऱ्यावर ढिगांनी टाकून दिली जातात, म्हणून कायटोसानबद्दल आपल्याला थोडे जास्त कुतूहल असायला हरकत नाही. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्यावर आम्ल माध्यमात धनभार असतो. म्युसिनवर ऋणभार, त्यामुळे आकर्षण आयतेच मिळते. शिवाय ते स्वतःही जंतूंना थोडेफार रोखते. उणीव अशी की माध्यम उदासीन झाले की त्याचा भार कमी होतो, आणि निरोगी लाळ बहुतेक वेळा उदासीनच्या आसपासच असते.

भाराचा हा मुद्दा कागदावर सोपा वाटतो आणि प्रत्यक्षात फजिती करतो. हिरड्यांच्या विकारांवर क्लोरहेक्झिडीनची गुळणी सांगतात. क्लोरहेक्झिडीनच्या रेणूवर धनभार असतो, त्यामुळे ते कुठल्याही डिंकाच्या मदतीशिवाय दातांवर आणि तोंडाच्या त्वचेवर धरून राहते आणि काही तास हळूहळू सुटत राहते. (मुलांच्या तोंडात पूर्वी लावत ते निळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, तेही धनभारित रंगद्रव्यच.) मग हे क्लोरहेक्झिडीन कार्बोपोल किंवा सी.एम.सी. यांच्यात मिसळले तर दुप्पट फायदा व्हावा की नाही? होते उलटेच. या दोन्ही बहुवारिकांवर ऋणभार असतो. औषध आणि बहुवारिक एकमेकांनाच धरून बसतात, कधी साका होऊन तळाशी जातात, आणि जंतूंसाठी मोकळे औषध उरत नाही. त्यामुळे अशा औषधासाठी भार नसलेले किंवा धनभारित बहुवारिक शोधावे लागते. टूथपेस्टमधला फेस आणणारा पदार्थही ऋणभारित असतो. दात घासल्यावर लगेच ही गुळणी करू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या, असे दंतवैद्य सांगतात ते यामुळेच.

आता पुन्हा मायकोनॅझोलकडे येऊ. फ्रान्समध्ये त्याची एक चिकटणारी गोळी तयार झाली. तिला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. गोळीत ५० मिलिग्रॅम औषध आहे, आणि चिकटण्याचे काम मुख्यतः दुधातल्या प्रथिनांकडून करून घेतले आहे. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण सुतारकामात केसीनचा सरस पूर्वीपासून वापरत आले आहेत आणि केसीन म्हणजे दुधातलेच प्रथिन. सोबतीला हायप्रोमेलोज आहे. ते फुगून जेली बनते आणि औषधाला एकदम सुटू देत नाही. ही गोळी हिरडीवर सरासरी १५ तास टिकते. लाळेतले औषधाचे प्रमाण सातव्या तासाच्या सुमारास सर्वाधिक, म्हणजे मिलिलिटरला सरासरी १५ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. सुरुवातीच्या सव्वादोन मिनिटांच्या गणिताशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोक्या-मानेवर किरणोपचार झालेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला रोज एक चिकट गोळी, म्हणजे ५० मिलिग्रॅम मायकोनॅझोल. दुसऱ्याला त्याच औषधाची जेली दिवसातून चार वेळा, एकूण ५०० मिलिग्रॅम. दोन आठवड्यांनी गोळीच्या गटात ५६ टक्के आणि जेलीच्या गटात ४९ टक्के रुग्णांना गुण आला. गोळी जेलीपेक्षा श्रेष्ठ ठरली असे यावरून म्हणता येत नाही. ती कमी पडली नाही, एवढेच सिद्ध झाले. पण औषध दहापट कमी लागले. २०१० साली एच.आय.व्ही.बाधित ५७८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात रोज एक गोळी आणि रोज पाच वेळा क्लोट्रिमॅझोल अशी तुलना होती. बरे होणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६१ आणि ६५ टक्के आले, म्हणजे साधारण सारखेच. आमच्या मते या विद्येचे मोल नेमके इथे आहे. रोग जास्त बरा होतो असा दावा नाही. पाचाऐवजी एकदा औषध घेऊन तेवढाच बरा होतो, आणि थकलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

हिरड्यांच्या बाबतीत आम्ही इतके उत्साही नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये रोगामुळे खोल फट पडते. फटीत द्रव पाझरत असतो. पाच मिलिमीटर खोलीच्या फटीतला द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो, असा अंदाज आहे. गुळणी तर तिथे पोहोचतच नाही. यासाठी इस्रायलमध्ये जिलेटिनची एक चिमुकली पट्टी तयार झाली. लांबी-रुंदी पाच व चार मिलिमीटर, जाडी ०.३५ मिलिमीटर आणि आत अडीच मिलिग्रॅम क्लोरहेक्झिडीन. अमेरिकेत तिला १९९८ साली मान्यता मिळाली. फटीत सरकवली की ती भिजून तिथेच अडकते, आठवडाभर ते दहा दिवस औषध सोडते आणि स्वतः विरघळून जाते. कल्पना सुरेख आहे. पण चाचण्यांत, दात खरवडून साफ करण्याच्या जोडीला ही पट्टी वापरल्यावर फटीची खोली नुसत्या साफसफाईपेक्षा सरासरी तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास जास्त कमी झाली. दातांवर साचलेला जंतूंचा थर हाताने खरवडून काढण्याला पर्याय अजून तरी नाही.

पोटात आणि आतड्यात गोळी चिकटवून ठेवण्याचे प्रयत्नही बरेच झाले. पण तिथला श्लेष्म्याचा थर शरीर काही तासांतच बदलून टाकते. गोळी थराला कितीही पक्की धरून राहिली तरी थरच निघून जातो. भिंतीच्या सुटणाऱ्या पापुद्र्यावर चित्र डकवावे तसे. तोंडात ही अडचण बरीच कमी आहे, आणि जागा डोळ्यांना दिसते, हाताला लागते.

चिकट गोळी लावण्याच्या सूचना आता वाचल्या तर प्रत्येकीमागचे कारण विद्यार्थ्यांना सांगता येईल. सकाळी दात घासल्यावर कोरड्या हाताने गोळी घ्यायची. हात ओला असेल तर ती हिरडीऐवजी बोटालाच आधी धरेल. तिची फुगीर बाजू वरच्या पुढच्या दाताच्या वर, हिरडीवर ठेवायची. तिथे जिभेचा आणि चावण्याचा उपद्रव कमी असतो. वरून ओठावर बोटाने ३० सेकंद दाबून धरायचे, म्हणजे साखळ्यांना म्युसिनमध्ये शिरायला सवड मिळते. खाणेपिणे चालते, च्युइंगगम नको. पहिल्या सहा तासांत गोळी सुटली तर तीच पुन्हा बसवायची, न बसल्यास नवी लावायची. गिळली गेली तर पेलाभर पाणी पिऊन फक्त एकदाच नवी लावायची. सहा तासांनंतर सुटली तर काही करायचे नाही, कारण तोपर्यंत औषध पुरेसे पसरलेले असते. ज्यांना दुधाच्या प्रथिनांचे वावडे आहे त्यांना ही गोळी चालत नाही, आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगायला हवे, कारण थोडे मायकोनॅझोलही त्या औषधाचा परिणाम वाढवू शकते. दुसऱ्या दिवशी आदल्या गोळीचा राहिलेला अंश पुसून टाकायचा आणि नवी गोळी हिरडीच्या दुसऱ्या बाजूला लावायची. असे चौदा दिवस.